डेट्रॉईटमधलं साडेतीन लाखांचं घर घेऊ का?

पत्र मोठं होतं, सारांश देते. इचलकरंजीचा वाचक आहे, वय ३४, यंत्रमागाचं छोटं युनिट, बायको शाळेत शिक्षिका, एक मुलगी. व्हिडिओ बघता बघता त्याला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट शहरातल्या घरांच्या ऑनलाइन लिलावांचा शोध लागला. एका ग्रुपवर एजंट भेटला, त्याने तीन बेडरूमच्या विटांच्या घराचे फोटो पाठवले. लिलावातून आलेलं घर ३,८०० डॉलरला, भाडेकरू शोधून देणार, महिना ९०० डॉलर भाडं, म्हणजे पाच महिन्यांत पैसे वसूल. पैसे बँकेतून पाठवायची कटकट नको, कोल्हापुरात आमचा माणूस आहे त्याच्याकडे रोख द्या, तिकडे जमा होतील असंही एजंट म्हणतोय. चार मित्र मिळून पैसे काढणार आहेत, त्यातला याचा वाटा वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशातून. बायकोला अजून सांगितलेलं नाही. शेवटी लिहिलंय, "ताई, इथं गुंठाभर जागा पण या भावात मिळत नाही. तुम्ही मिशिगनला राहिलेल्या आहात, खरं सांगा, घेऊ का?"

नको घेऊस.

धाकट्या भावासारखं लिहिलंयस म्हणून अरेतुरे करते, रागावू नकोस. आणि "फ्रॉड आहे, दूर राहा" एवढंच लिहून सोडणार नाही, कारण तुला ते दहा जणांनी सांगितलं असणार आणि तुला ते पटलेलं नाही. तू बघितलंस त्यातला बराचसा भाग खराच आहे, डेट्रॉईटमध्ये घरं खरंच त्या भावात विकली गेलीत. अनेक वर्षं तिथल्या वेन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समज) लिलावात ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत बोली ५०० डॉलरपासून सुरू व्हायची, आम्ही नोव्हाय या डेट्रॉईटच्या उपनगरात राहायचो तेव्हा आमच्या ओळखीतले लोकही रात्री जागून त्या याद्या चाळायचे. पण ती स्वस्ताई आली कुठून ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून आधी ते सांगते.

१९५० साली डेट्रॉईटमध्ये साडेअठरा लाख माणसं राहायची. मोटारीचे कारखाने, दोन शिफ्ट, कामगारांसाठी गल्लोगल्ली बांधलेली छोटी घरं. मग कारखाने हलले, माणसं उपनगरांत गेली, २०२० च्या जनगणनेत उरले ६ लाख ३९ हजार. तू इचलकरंजीत राहतोस, माग बंद पडले की गल्लीचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. त्यात २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. आणि मिशिगनचा १९९९ चा कायदा असा की घराचा कर साधारण तीन वर्षं थकला की काउंटी घरच ताब्यात घेते आणि लिलावात काढते. तिथली हजारो घरं अशीच आली. त्यात अजून एक वाईट गोष्ट म्हणजे त्या काळात शहराने घरांची किंमतच फुगवून धरली होती. पडेल घर, पण कर चांगल्या घराचा. २०१० ते २०१६ मध्ये घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जास्तीचा कर आकारला गेला असं तिथल्या डेट्रॉईट न्यूज पेपरने हिशोब मांडून छापलं होतं. म्हणजे त्या यादीतल्या कित्येक घरांचे मालक मुळात चुकीच्या बिलापायी घर घालवून बसलेत. शेजारच्या ओकलंड काउंटीत तर एका माणसाचं घर ८ डॉलर ४१ सेंट कर कमी भरला म्हणून गेलं, काउंटीने ते २४,५०० डॉलरला विकलं आणि वरचे पैसे स्वतःच ठेवले. २०२० मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, वरचे पैसे मूळ मालकाचे.

हे एवढं लिहिलं कारण लिलावातलं घर रिकामं असतंच असं नाही.

२०१३ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट आहे. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने, आपल्याच सोलापूरकडचा मुलगा, त्या लिलावात २,१०० डॉलरला घर घेतलं, बोली लावण्याआधी आत जाऊन बघता येत नाही, फोटो काय तो रस्त्यावरून काढलेला. पैसे भरून झाले आणि एका शनिवारी आम्ही चौघं गाडी काढून बघायला गेलो, मी डब्यात पोहे घेतले होते, पिकनिकसारखंच वाटत होतं सगळ्यांना. शहराच्या ईस्ट साइडला गल्ली होती. एक घर, मग दोन मोकळे प्लॉट, मग एक जळकं घर, मग परत एक नीटनेटकं घर आणि त्याच्या पुढे कापलेलं गवत. याचं घर नेमकं ते नीटनेटकंच निघालं. पोर्चवर साठीच्या पुढची एक बाई नातवाला घेऊन बसलेली. तिने ते घर एका माणसाकडून महिन्याच्या हप्त्याने विकत घेतलं होतं, हप्ते वेळेवर देत होती, पण त्या माणसाने मधल्या काळात काउंटीचा कर भरलाच नव्हता, आणि घर लिलावात गेलं हे तिला आम्ही सांगितल्यावर कळलं. ती ओरडली नाही की भांडली नाही. आत गेली, हप्त्याच्या पावत्या ठेवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि एकेक पावती आमच्यापुढे ठेवायला लागली. मला अजून तो डबा आठवतो. पोहे कोणी खाल्ले नाहीत.

त्या मुलाने शेवटी काय केलं, तर तेच २,१०० डॉलर हप्त्याने घेऊन घर तिच्या नावावर करून दिलं. त्याला ते करता आलं कारण तो पाऊण तासावर राहत होता, जाऊन डोळ्यांनी बघू शकला, तिच्याशी बोलू शकला. तू इचलकरंजीत बसून ही बाई तुला कशी कळणार? तुला एजंटचा एवढाच मेसेज येईल की भाडेकरू पैसे देत नाहीये, कोर्टात जावं लागेल, वकिलाचे दीड हजार डॉलर पाठव. आणि तू पाठवशील, कारण तोवर घर तुझ्या नावावर झालेलं असेल.

आता कागदाचं. काउंटी लिलावात जो कागद देते त्याला क्विटक्लेम डीड म्हणतात, आणि लिलावातलं घर पुढे इंटरनेटवर विकणारे बहुतेक जण पण तेच देतात. आपल्याकडचं हक्कसोडपत्र आठव. माझा जो काय हक्क असेल तो मी सोडला, एवढंच. हक्क होता की नव्हता, किती होता, याची हमी नाही. फरक एवढाच की आपल्याकडे बहीण भावाला हक्कसोड देते तेव्हा ती बहीण आहे हे गावाला माहीत असतं. इथे तुला हक्कसोड कोण देतंय तर ज्याला तू एका ग्रुपवर भेटलास तो. पेपरात बँकेच्या लिलावाच्या नोटिसा येतात ना, "जसे आहे जेथे आहे" म्हणून, तोच प्रकार समज, फक्त "जेथे" म्हणजे सात समुद्र पलीकडे.

अमेरिकेत घर घेताना लोक टायटल इन्शुरन्स काढतात, टायटल कंपनी जुने कागद तपासते आणि उद्या कोणी हक्क सांगत आला तर जबाबदारी घेते. करासाठी जप्त झालेल्या घरांना बऱ्याच टायटल कंपन्या लगेच असा विमा देत नाहीत, आधी कोर्टात जाऊन टायटल साफ करून आणा म्हणतात, त्या दाव्याला क्वाएट टायटल म्हणतात आणि त्याचा खर्च घराच्या किमतीएवढा सहज होतो. विम्याशिवाय ते घर पुढे विकायला गेलास तर शहाणा गिऱ्हाईक येणारच नाही, तुझ्यासारखाच कोणीतरी लांबचा शोधावा लागेल. बरीच घरं अशीच या देशातून त्या देशात फिरत राहिली, एकाकडून दुसऱ्याकडे, कोणीच आत पाऊल न ठेवता.

बरं, समज कागद चोख निघाला आणि घर रिकामंय. मग तर जास्त काळजी. डेट्रॉईटच्या थंडीत पारा शून्याच्या खाली आठवडेच्या आठवडे असतो. घरात हीटिंग चालू नसेल आणि नळातलं पाणी काढून टाकलेलं नसेल तर पाइप फुटतात आणि मार्चमध्ये बर्फ वितळलं की तळघरात तळं. त्याआधी तांब्याचे पाइप, वायरी, फर्नेस म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, बॉयलर भंगारवाले उचलून नेतात, रिकामं घर त्यांना एका रात्रीत कळतं. छप्पर, फर्नेस, प्लंबिंग, वायरिंग सगळं धरलं तर राहण्यालायक करायला चाळीस-पन्नास हजार डॉलर सहज लागतात, हा मी बेताचा आकडा सांगतेय. हिशोबाला डॉलर ९० रुपये धर. ५० हजार म्हणजे ४५ लाख. तुझे ३ लाख ४२ हजार कुठे राहिले बघ.

शिवाय दरवर्षीचा कर. तू तिथे राहणार नाहीस म्हणून राहत्या मालकाची सवलत तुला नाही. बाजारभावाच्या साधारण निम्मी किंमत धरून त्यावर हजाराला ८० डॉलरच्या वर कर बसतो, आणि आधीच्या मालकाचा कर दरवर्षी किती वाढवायचा यावर जे बंधन असतं ते विक्री झाली की सुटतं. शहर तुझ्या ३,८०० ला बांधील नाही, लिलावाचा भाव म्हणजे बाजारभाव असं तिथे धरत नाहीत. शहराने ४० हजार डॉलर किंमत लावली तर वर्षाला १,६०० च्या पुढे कर, म्हणजे दीड लाख रुपये, घर रिकामं असलं तरी. गवत वाढलं की दंड, कचरा पडला की दंड, याला तिथे ब्लाइट तिकीट म्हणतात. भाड्याने द्यायचं तर शहरात नोंदणी करून तपासणीचा दाखला घ्यावा लागतो, आणि १९७८ च्या आधीच्या घरांत शिशाच्या रंगाचा प्रश्न, लहान मुलं असलेल्या घरात तो फार गंभीर. आणि कर नाही भरलास? तीन वर्षांत तेच घर परत त्याच लिलावात. असं दोन-दोन, तीन-तीनदा लिलावात आलेली घरं आहेत त्या याद्यांत.

मोठ्यांचं काय होतं तेही ऐक. पॅकार्ड नावाची जुनी मोटार कंपनी होती, तिचा ३५ लाख चौरस फुटांचा पडका कारखाना २०१३ मध्ये याच काउंटीच्या लिलावातून पेरू देशातल्या एका डेव्हलपरने ४ लाख ५ हजार डॉलरला घेतला. नकाशे निघाले, भूमिपूजनासारखा कार्यक्रम झाला, पेपरात फोटो आले. नऊ वर्षांनी, २०२२ मध्ये, कोर्टाने ते पाडायचा हुकूम दिला आणि शहराने पाडायला घेतलं. ज्याच्याकडे आर्किटेक्ट होते, वकील होते, तिथे ऑफिस होतं, त्याला जमलं नाही.

आता पत्रातली जी ओळ वाचून मी खरंच घाबरले ती: कोल्हापुरातल्या माणसाकडे रोख द्या. अरे, ही सरळ हवाला आहे. हे तू कुठल्याही परिस्थितीत करायचं नाहीस, घर राहू दे बाजूला. भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशात घर घ्यायला बंदी नाही, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत कायदेशीर पाठवता येतात, बँकेत फॉर्म ए-२ भरायचा, पॅन द्यायचा, कारण लिहायचं, झालं. वर्षाला १० लाखांच्या वर गेलास तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापते, म्हणजे वर म्हटले ते ४५ लाख पाठवलेस तर ७ लाख आधीच अडकले, रिटर्न भरताना वळते होतात पण तोवर मागाच्या सुताचे पैसे कुठून देणार? आणि घर नावावर झालं की दरवर्षी इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या शेड्युलमध्ये, शेड्युल एफए म्हणतात त्याला, ते दाखवावंच लागतं. नाही दाखवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड बसू शकतो. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्यातून सूट दिली पण घर-जमीन त्या सुटीत धरलेली नाही. साडेतीन लाखांच्या घरासाठी दहा लाखांचा दंड, आणि पैसे रोख दिलेले असले तर ते कुठून आले याला तुझ्याकडे उत्तरच नाही. ज्या एजंटला तुझी काळजी आहे तो तुला असा रस्ता दाखवेल का, तूच सांग.

तिकडचा टॅक्स वेगळा. भाडं आलं तर तुझ्यासारख्या परदेशी मालकाच्या पूर्ण भाड्यावर, खर्च वजा न करता, ३० टक्के कापायचा नियम आहे, ते टाळायला तिथला टॅक्स नंबर काढून वेगळा पर्याय निवडून दरवर्षी अमेरिकेत रिटर्न भरावं लागतं. विकलंस तर सहसा विक्रीच्या किमतीतले १५ टक्के आधी राखून ठेवतात. हे सगळं भरणारा सीए ९०० डॉलर भाड्याच्या घरासाठी किती फी घेईल याचा फोन करून अंदाज घे. आणि घरामुळे व्हिसा मिळत नाही, हे तू विचारलं नाहीस पण तुमच्या चौघांत कोणाच्या तरी मनात असेल म्हणून सांगते.

चार मित्रांचं पण बघ. घर कोणाच्या नावावर? कागदावर तुझं एकट्याचं नाव आलं तर कर तुझा, दंड तुझा, रिटर्नमध्ये तुझं, आणि बाकीचे तिघं सहा महिन्यांनी भाड्याचं काय झालं म्हणून तुझ्या दारात. मैत्री जाईल रे.

तरी तुला वाटेल की ताई सगळंच वाईट सांगतायत. तसं नाही. डेट्रॉईट आता २०१३ चं राहिलेलं नाही, कितीतरी गल्ल्या उभ्या राहिल्यात आणि त्या तिथल्याच लोकांनी उभ्या केल्यात, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचं गवत स्वतः कापून, पोर्चवर दिवा चालू ठेवून. शहराची लँड बँक, म्हणजे ताब्यात आलेली रिकामी घरं आणि प्लॉट विकणारी संस्था, तिच्या पण ऑनलाइन बोली असतात, १,००० डॉलरपासून सुरू होणाऱ्या, पण तिथे अट अशी की सहा महिन्यांत घर दुरुस्त करून दाखवायचं, नाहीतर ते परत घेतात. मला ती अट फार आवडते. ती अट पाळू शकणारा माणूस म्हणजे रोज तिथे जाऊ शकणारा माणूस. आपली मराठी माणसं ट्रॉय, नोव्हाय, कँटनला पुष्कळ आहेत, त्यांच्यातल्या कोणी असं घर घेऊन शनिवार-रविवार राबून उभं केलं तर मी त्याला शाबासकीच देईन. पण तिथल्या कोणा नातेवाइकाला "जरा बघून ये" म्हणून दर आठवड्याला पळवायचं असेल तर तेही करू नकोस, पहिल्या बर्फातच तो फोन उचलायचा बंद करेल.

तुला लिलावाचंच वेड लागलं असेल, आणि ते वाईट वेड नाही, तर हातकणंगले, शिरोळ, इचलकरंजी इथल्या बँकांच्या लिलावाच्या नोटिसा वाचायला लाग. वर्षभर बोली न लावता नुसतं जाऊन बघ. दारात उभं राहा, शेजाऱ्याशी बोल, उतारा काढ, वकिलाकडून शोध अहवाल घे, आत कोण राहतंय ते विचार. कुठल्या घराला लोक का हात लावत नाहीत ते कळायला लागेल.

आता लगेच काय करायचं ते. कोल्हापूरच्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही. वडिलांचे पैसे काढले असशील तर आजच परत त्यांच्या खात्यात टाक, ते त्यांच्या औषधपाण्याचे आहेत. आणि बायकोला आज रात्री सगळं सांग, मुलगी झोपल्यावर, फोटो दाखवून, रक्कम सांगून. ती चिडेल, चिडू दे. महिन्याच्या महिन्याला पगारात घर बसवणारी बाई आहे, तिने तुला विचारलेला पहिला प्रश्न माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा नेमका असेल.

तरीही मनातून जात नसेल तर एजंटला एवढंच लिहून पाठव: घराचा पार्सल नंबर (तिथला मिळकत क्रमांक) द्या, वेन काउंटीत नोंदलेल्या सध्याच्या डीडची कॉपी द्या, आत्ता आत कोण राहतंय ते लिहून द्या, आणि मिशिगनमधली माझ्या पसंतीची टायटल कंपनी विमा द्यायला तयार झाली तरच, बँकेतूनच, त्या कंपनीच्या खात्यावर पैसे भरेन. घाई करायला लागला, आजच्या आज बुकिंग करा म्हणाला, तर त्याला ब्लॉक कर. उत्तर आलं तर जसंच्या तसं मला पाठव, मी वाचून सांगते. ऑक्टोबरची फेरी जाऊ दे, पुढच्या वर्षी परत असतेच.